नियम बरोबर, तरी घरचा संगणक बाहेरून सापडत नाही: पोर्ट फॉरवर्डिंगविषयी मदत हवी

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. ज्या सॉफ्टवेअरवर माझे हिशेब तपासणीचे काम चालते त्याचा परवाना घरच्या एकाच संगणकाशी बांधलेला आहे, आणि पुढच्या महिन्यापासून मला आठवड्यातले चार दिवस बाहेर राहावे लागणार आहे. तो संगणक घरी चालू ठेवायचा आणि बाहेरून लॅपटॉपवर त्याचा पडदा उघडून काम करायचे, अशी माझी योजना आहे. त्यासाठी आठ दिवस खटपट करते आहे आणि आता मार्ग सुचत नाही.

आतापर्यंत केलेले सगळे सांगते. संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती आहे, कारण होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या संगणकाचा पडदा दुरून उघडण्याची विंडोजची सोय) बाहेर जाता येते पण कोणाला आत घेता येत नाही. रिमोट डेस्कटॉप चालू केले आहे. घरातल्याच वायफायवरून लॅपटॉपने जोडले तर लगेच जोडले जाते. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.३५ आहे. राउटरच्या पानावर बाहेरचे पोर्ट (एकेका सेवेचा दार क्रमांक) ३३८९, आतला पत्ता १९२.१६८.१.३५, आतले पोर्ट ३३८९, प्रोटोकॉल (माहिती पाठवण्याची पद्धत) टीसीपी असा नियम घातला आहे. मात्र बाहेरून जोडायला गेले की बराच वेळ थांबून जोडणी होऊ शकत नाही असा संदेश येतो. पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावरही ३३८९ बंद दिसते. हा नियम मी चार वेळा पुसून पुन्हा लिहिला आहे आणि राउटर किती वेळा बंद-चालू केला ते मोजलेलेही नाही. माझे काय चुकते आहे?

नवखा_वाचक

मलाही हाच त्रास झाला होता. राउटरमध्ये डीएमझेड नावाची सोय असते, तिथे संगणकाचा पत्ता घाला आणि विंडोजची फायरवॉल थोडा वेळ बंद करा. चालले तर प्रश्न मिटला.

सांधेवाला

उंबरठा, वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. डीएमझेडमध्ये टाकलेल्या संगणकाकडे, दुसऱ्या कोणत्याही नियमात न बसणारी बाहेरची प्रत्येक विनंती वळवली जाते, मग ती कोणत्याही पोर्टवर आलेली असो. त्यातच फायरवॉल बंद केली तर त्या यंत्राच्या आणि जगाच्या मध्ये काहीच उरत नाही. नवखा_वाचक यांनी मदतीच्या भावनेने लिहिले आहे हे मला मान्य आहे, पण तपासणीसाठी म्हणून उघडलेली गोष्ट बंद करायची राहून जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तुमचा नियम मला बरोबर वाटतो, त्यामुळे आता त्याला हात लावू नका. पोर्ट फॉरवर्डिंग अडले की बहुतेक जण तोच नियम पुन्हा पुन्हा लिहीत बसतात, आणि दोष मात्र भलत्याच टप्प्यावर असतो. बाहेरून निघालेले पॅकेट (माहितीचा तुकडा) तुमच्या संगणकापर्यंत कोणकोणत्या हातांतून जाते ते ओळीने पाहिले, तर ते कुठे हरवते हे समजते.

घरातली यंत्रे १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते वापरतात. हे पत्ते १०.०.०.० आणि १७२.१६.०.० पासूनच्या गटांसह १९९६ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले आणि इंटरनेटच्या मुख्य जाळ्यात त्यांना वाट मिळत नाही. तुम्ही आतून एखादे पान मागवता तेव्हा राउटर त्या पॅकेटवर स्वतःचा पत्ता चढवतो आणि कोणत्या यंत्राने कोणत्या पोर्टवरून काय मागवले याची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते त्या यंत्राकडे पोचवतो. बाहेरून कोणी आपणहून आले तर तक्त्यात नोंदच नसते, म्हणून राउटर ते पॅकेट टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम म्हणजे त्या तक्त्यात आधीच लिहून ठेवलेली कायमची नोंद. पण ती नोंद कामी यायची तर पॅकेट आधी तुमच्या राउटरच्या दाराशी यायला हवे. ते तिथवर येते आहे का, हेच अजून कोणी पाहिलेले नाही.

दोन गोष्टी सांगा. राउटरच्या स्थितीदर्शक पानावर वॅन किंवा इंटरनेट या मथळ्याखाली कोणता पत्ता दिसतो? आणि आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर कोणता दिसतो? शिवाय चाचणी घरच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता घालून केली होती का, तेही सांगा. आतूनच बाहेरच्या पत्त्याला हाक मारली तर ती राउटरला पुन्हा आत वळवावी लागते, आणि पुष्कळ राउटर हे करत नाहीत. अशा वेळी चांगला नियमही बिघडलेला भासतो. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच चाचणी करा.

उंबरठा (धागाकर्ती)

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चाचणी मोबाइल डेटावरूनच केली होती. जोडणी तुटेपर्यंत वीसेक सेकंद जातात.

आता पत्ते. राउटरच्या पानावर वॅनखाली १९२.१६८.०.२ दिसतो. संकेतस्थळावर २०३.०.११३.४७ दिसतो. (खरा पत्ता लिहिलेला नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला घेतला आहे.) दोन्ही सारखे असायला हवेत का?

सांधेवाला

होय, आणि तुमच्या आठ दिवसांच्या त्रासाचे पहिले कारण इथेच आहे. तुमच्या राउटरला बाहेरच्या बाजूनेही खाजगी पत्ताच मिळाला आहे. म्हणजे त्याच्या आधी आणखी एक राउटर बसला आहे. फायबरची तार ज्या डबीत येते ती डबी नुसता प्रकाशाचा विजेत बदल करत नसून स्वतःही पत्ते बदलते आहे. बाहेरून आलेले पॅकेट त्या डबीपाशीच टाकले जाते आणि तुमच्या राउटरला त्याचा सुगावाही लागत नाही.

वीस सेकंदांची तुमची नोंद फार उपयोगी आहे. पॅकेट वाटेत मुकाट टाकून दिले गेले की समोरून काहीच उत्तर येत नाही, आणि विंडोज दोनतीनदा प्रयत्न करून साधारण एवढ्याच वेळाने थांबते. याउलट पॅकेट एखाद्या यंत्रापर्यंत पोचले पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नसेल, तर नकाराचे पॅकेट परत येते आणि संदेश दोनतीन सेकंदांत दिसतो. संदेशाची भाषा दोन्ही वेळा तीच असू शकते, म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवा.

उपाय असा की सेवा पुरवठादाराला सांगून फायबरची डबी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या. मग पत्ते बदलण्याचे काम फक्त तुमचा राउटर करील.

टिपणवही

ब्रिज मोड झाल्यावर वॅनचा पत्ता पुन्हा पाहायला विसरू नका. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर आणखी एक अडथळा उरतो.

उंबरठा (धागाकर्ती)

टिपणवही, तुमचे म्हणणे खरे ठरले. आज डबी ब्रिज मोडमध्ये गेली आणि वॅनखाली १००.७२.१८.९ हा पत्ता दिसतो आहे. संकेतस्थळ मात्र अजूनही २०३.०.११३.४७ दाखवते. खरे सांगायचे तर डबी बदलली तेव्हा आता होईलच या आशेने मी सकाळपासून बसले होते. हा कसला पत्ता?

टिपणवही

याला सीजीनॅट म्हणतात. आयपीच्या (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीच्या) चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे मोकळे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यानंतर पुष्कळ पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देऊ लागले आणि ग्राहक व मुख्य जाळे यांच्यामध्ये स्वतःच्या यंत्रणेत आणखी एकदा पत्ते बदलू लागले. या मधल्या वापरासाठीच २०१२ मध्ये १००.६४.०.० पासूनचा गट राखून ठेवला गेला. २०३.०.११३.४७ हा पत्ता या घडीला तुमचा आणि तुमच्यासारख्या कितीतरी ग्राहकांचा एकत्र आहे. तिथे ३३८९ वर आलेले पॅकेट नेमके कोणाकडे पाठवायचे, हे पुरवठादाराच्या यंत्राला कळण्याचा मार्गच नाही. तिथे नियम लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही, त्यामुळे तुमच्या राउटरवरच्या नियमाचा इथे काहीही उपयोग नाही.

आता तीन वाटा आहेत. पहिली, पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणे. अनेक ठिकाणी तो जास्तीचे शुल्क घेऊन मिळतो. स्थिर पत्ता मिळाला तर उत्तम. बदलता सार्वजनिक पत्ता मिळाला तरी डायनॅमिक डीएनएस वापरून त्याला एक कायमचे नाव देता येते, आणि पत्ता बदलला की राउटर ते नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळवतो.

दुसरी, आयपीची सहावी आवृत्ती. पुरवठादार ती देत असेल तर तुमच्या संगणकाला स्वतःचा जागतिक पत्ता असतो, सीजीनॅटचा तिच्याशी संबंध येत नाही आणि फॉरवर्डिंगची गरज पडत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला परवानगी दिली की झाले. अट एवढीच की तुम्ही जिथून जोडणार तिथेही सहावी आवृत्ती असायला हवी, आणि फिरतीवर त्याची खात्री देता येत नाही.

तिसरी, उलटी जोडणी. घरातून बाहेर जाणाऱ्या जोडणीला सीजीनॅट अडवत नाही. तेव्हा घरचे यंत्र आपणहून एखाद्या भाड्याच्या सर्व्हरशी जोडून ठेवायचे आणि तुम्हीही त्याच सर्व्हरवर येऊन भेटायचे. टेलस्केलसारख्या सेवा हेच काम सोपे करून देतात.

तुमचा संगणक कामाचा आहे आणि तुम्ही नियमित वापरणार आहात, म्हणून मी पहिली वाट सुचवीन.

उंबरठा (धागाकर्ती)

स्थिर सार्वजनिक पत्ता घेतला. वॅनखालचा आणि संकेतस्थळावरचा पत्ता आता तंतोतंत जुळतो. मोबाइल डेटावर जाऊन जोडले आणि माझ्या घरच्या संगणकाचा पडदा लॅपटॉपवर उमटला! फक्त पहिल्यांदा प्रवेश नाकारला गेला, कारण मी रोजच्या सवयीने पिन घातला होता. खात्याचा पासवर्ड घातल्यावर उघडले.

पण आनंद दोनच दिवस टिकला. काल रात्री घरची वीज जाऊन आली आणि आज सकाळपासून पुन्हा जोडले जात नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे घड्याळ पाहिले. आता वीस सेकंद लागत नाहीत, दोनच सेकंदांत नकार येतो.

सांधेवाला

मग पॅकेट आत पोचते आहे, पण चुकीच्या घरी जाते आहे. वीज आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले असतील. संगणकावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून आजचा पत्ता पाहा. माझ्या अंदाजाने तो ३५ वर संपत नाही.

उंबरठा (धागाकर्ती)

संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.४१ झाला आहे, आणि ३५ क्रमांक प्रिंटरला मिळाला आहे. म्हणजे सकाळपासून मी माझ्या प्रिंटरकडे रिमोट डेस्कटॉप मागत होते आणि तो प्रामाणिकपणे नाही म्हणत होता.

सांधेवाला

राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. तिथे संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा ओळख क्रमांक) आणि त्यापुढे ३५ क्रमांक लिहा, म्हणजे तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही. तारेचे आणि वायफायचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात, तेव्हा ज्या मार्गाने संगणक जोडलेला आहे त्याचाच घ्या, आणि तो शक्यतो तारेनेच जोडा. वायफाय वापरायचेच असेल तर विंडोजमध्ये यादृच्छिक मॅक पत्त्याचा पर्याय बंद आहे ना, हे पाहा; तो चालू असेल तर राखीव पत्त्याचा उपयोग होणार नाही.

एक आणखी. वीज आल्यावर विंडोजने ते जाळे सार्वजनिक प्रकारचे मानले तर फायरवॉलचे नियम बदलू शकतात. जाळे खाजगी प्रकारात आहे याची खात्री करा.

टिपणवही

जोडणी झाली याचा आनंद आहे, पण आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते लिहिते. उंबरठा, संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटी निवडा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी गाळून पाहा. अयशस्वी प्रवेशाची प्रत्येक नोंद या क्रमांकाने होते.

उंबरठा (धागाकर्ती)

पाहिले, आणि हात गार पडले. पोर्ट उघडे होते त्या दोन दिवसांत यादी सरकवता सरकवता संपत नाही एवढ्या नोंदी आहेत. काही काही सेकंदांच्या अंतराने कोणीतरी ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, बॅकअप, युजर अशी नावे घालून पाहिली आहेत. पत्ते अनेक देशांतले आहेत. रात्री तीन वाजता मी झोपलेली असताना माझ्या संगणकाच्या दारावर हे चालले होते. माझ्याकडे लोकांचे हिशेब आहेत. ३३८९ चा नियम आत्ताच बंद केला आहे.

नवखा_वाचक

बाहेरचे पोर्ट बदलून पाहा की. बाहेर ५०१२३ आणि आत ३३८९ असा नियम लिहिला तर कोणाला कळणार?

टिपणवही

कळते. सगळ्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांवर एखादे पोर्ट उघडे आहे का, हे एका साध्या सर्व्हरवरून गिगाबिट जोडणीने पाऊण तासाच्या आत तपासता येते, असे झेडमॅप या साधनाच्या निर्मात्यांनी २०१३ मध्येच दाखवून दिले. पोर्टे एकूण ६५,५३५ आहेत आणि ५०१२३ वर हाक मारली तरी रिमोट डेस्कटॉप आपली ओळख रिमोट डेस्कटॉप म्हणूनच देतो. पोर्ट बदलल्याने नोंदींची गर्दी कमी होते हे खरे, पण धोका तेवढाच राहतो.

पासवर्ड लांब ठेवला की पुरे, असेही काही जण म्हणतील. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाने ओळखला गेलेला दोष उघड झाला. विंडोज ७ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांत, रिमोट डेस्कटॉपच्या सेवेत, पासवर्डपर्यंत पोचण्याच्या आधीच यंत्र ताब्यात घेता येईल असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती विंडोज एक्सपीलाही दिली, आणि त्या एक्सपीचा आधार तर २०१४ मध्येच संपला होता. असा दोष असतो तेव्हा पासवर्ड किती लांब आहे याला अर्थ राहत नाही. चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद होईल अशी मर्यादा घातली, तर परके लोक तुमचेच खाते सतत बंद पाडू शकतात आणि ऐन कामाच्या वेळी तुम्ही बाहेर राहता.

माझा आग्रह असा आहे की रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट जगाला दाखवूच नका. फॉरवर्डिंगविषयी तुम्ही जे शिकलात ते वाया जाणार नाही. एकच पोर्ट उघडा, पण ते व्हीपीएनचे, म्हणजे घरापर्यंतच्या कुलूपबंद खाजगी मार्गाचे, उघडा. वायरगार्ड घ्या. त्याचे नेहमीचे पोर्ट यूडीपी (टीसीपीहून वेगळा प्रोटोकॉल) ५१८२० आहे आणि मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्यात पासवर्ड नसतो, दोन्ही टोकांना किल्ल्यांच्या जोड्या असतात. ज्याच्याकडे ओळखीची किल्ली नाही त्याला तो काहीच उत्तर देत नाही, नकारसुद्धा देत नाही. त्यामुळे धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच समजत नाही.

सांधेवाला

पूर्ण सहमत. तुमच्या राउटरमध्येच वायरगार्डची सोय असेल तर तिथेच चालवा. मग फॉरवर्डिंगचा नियमही लागत नाही, कारण ऐकणारा राउटर स्वतःच असतो. आणखी एक फायदा आहे. संगणक निद्रिस्त झाला तर त्याच्यावरचे व्हीपीएनही झोपते, पण राउटर जागा असतो आणि त्याच्यामार्फत वेक-ऑन-लॅनचे पॅकेट पाठवून संगणकाला उठवता येते.

लॅपटॉपवरच्या मांडणीत परवानगीच्या पत्त्यांत घरचे जाळे आणि व्हीपीएनचे जाळे एवढेच लिहा. सगळे शून्य (म्हणजे सगळेच पत्ते) लिहिले तर लॅपटॉपची सगळी वाहतूक घरून फिरून जाईल.

आणि एक आत्ताच बदला: घरच्या जाळ्याचा गट. १९२.१६८.१ हा गट असंख्य राउटरांना कारखान्यातूनच मिळतो. तुम्ही जिथे राहाल तिथल्या वायफायचा गटही तोच निघाला, तर १९२.१६८.१.३५ म्हणजे घरचा संगणक की त्या इमारतीतले एखादे यंत्र, हे लॅपटॉपला ठरवता येणार नाही आणि व्हीपीएन जोडलेले दिसूनही संगणक सापडणार नाही. गट १९२.१६८.५७ करून टाका.

उंबरठा (धागाकर्ती)

दोन दिवस शांतपणे बसून सगळे केले. राउटरमध्ये वायरगार्ड होते. गट बदलला, संगणकाला १९२.१६८.५७.३५ राखून ठेवला. यूपीएनपी चालू होते, तेही बंद केले, कारण आतले कोणतेही यंत्र मला न विचारता पोर्ट उघडू शकते हे आता पटले आहे.

एका जागी मात्र अडखळले. पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर ५१८२० बंद दाखवते आणि तरीही मोबाइल डेटावरून रिमोट डेस्कटॉप उघडतो आहे. हे ठीक आहे ना?

टिपणवही

ठीक आहे. ती संकेतस्थळे बहुधा टीसीपीच तपासतात, आणि यूडीपी तपासले तरी वायरगार्ड त्यांना उत्तर देणार नाही. तुम्ही वायरगार्डच्या खिडकीत शेवटच्या हँडशेकची (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवल्याची) वेळ पाहा. काम चालू असताना ती साधारण दोन मिनिटांनी नवी होत राहते. ती नवी होत असेल आणि संगणक सापडत नसेल तर दोष घराच्या आत शोधा; ती उमटतच नसेल तर वाटेत किंवा किल्ल्यांत शोधा.

उंबरठा (धागाकर्ती)

शेवटचा हँडशेक ४१ सेकंदांपूर्वीचा दिसतो आहे. ४६२५ ची यादीही उघडून पाहिली. ३३८९ बंद केल्यानंतरची एकच नोंद आहे, आणि ती माझी आहे: सवयीने पुन्हा पिन घातला होता.